टिंबांचं शेवटचं कार्ड

तीर्थस्वरूप दादा यांना साष्टांग नमस्कार. (हा उभ्यानेच घातला आहे असं समजून घ्या. आडवं व्हायला सध्या आमच्या घरात जागा नाही. का नाही, ते पुढे येईलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो, की वहिनींचं ऐकून शेक घ्यायला लागलात? वहिनींचा खोकला थांबला असावा अशी आशा आहे. थंडी अजून लांब आहे, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक बेताचंच असेल, आणि लोकरीचे कोट, शाली, गळपट्टे सगळं कपाटांत सुखरूप असेल. सुखरूप आहे ना? एकदा उघडून बघा. सहज म्हणून लिहिलं.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. त्या 'सर्व'मधून झाडं, घर, नोकरी आणि मी एवढं वगळा, बाकी क्षेम आहे. भिंतीवरची पाल मजेत आहे. तिचं वजन वाढलं आहे.

तुमची बहीण पोचली असेलच. तिचं पत्र नाही, पण तिच्या येण्या-न येण्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवूनच मी बसलो आहे. तो तुम्हा बहीणभावंडांचा प्रश्न आहे. हे पत्र निव्वळ पतंगांविषयी आहे. तिनं तिची बाजू तुम्हाला सांगितली असेल. ती सगळी खरी आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. फक्त आधी काय झालं आणि मग काय झालं, एवढं तुमच्या कानावर घालावं म्हणतो.

तुम्हाला माझी नोकरी काय आहे हे कधी नीट कळलं नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. लग्नाच्या वेळी 'झाडांच्या कंपनीत आहे' एवढंच सांगितलं होतं. कंपनीची सागाची लागवड आहे, नजर पोचेल तिथवर, शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी. सागाला नवी पालवी फुटली की कुठूनसे पतंग येतात. करडे, बोटाच्या पेराएवढे, दिसायला अगदी गरीब. ते पानांवर अंडी घालतात, अंड्यांतून अळ्या निघतात आणि मग त्या जेवायला बसतात. जेवून उठतात तेव्हा पानाच्या फक्त शिरा उरलेल्या असतात. भर दुपारी, आभाळ कोरडं ठणठणीत असताना झाडांखाली सर पडल्यासारखा आवाज येतो. तो वरून पडणाऱ्या त्यांच्या लेंड्यांचा असतो. (मागे साहेबांचे एक पाहुणे तळहात पुढे करून 'वा, पाऊस!' म्हणाले होते. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.) झाड मरत नाही, पण वाढायचं थांबतं, आणि साहेब झाडांची जाडी मोजून घेणारे गृहस्थ आहेत.

यावर साहेबांचा उपाय विमानाचा. वरून विष फवारायचं, की खाली सगळं शांत. मी म्हणालो, तसं करू नका, पतंगाला मारणारे जीव याच झाडांवर आहेत, विषानं तेही जातील आणि पुढच्या वर्षी पतंग दुप्पट येतील. मला माणसं देऊ नका, यंत्र देऊ नका, फक्त थोडं भरडलेलं धान्य द्या आणि दोन पालव्या थांबा. साहेब थांबले. त्या दिवशी मी घरी येऊन तुमच्या बहिणीला सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की धान्य ठेवणार कुठे? मला वाटलं होतं ती अभिनंदन करेल.

आता माझं शस्त्र ऐका. एक माशी असते. माशी म्हणणंही जास्तच झालं, कारण ती वाक्याच्या शेवटी देतो त्या टिंबाएवढी असते. तुमच्या बहिणीनं तिचं नावच 'टिंब' ठेवलं. हे टिंब पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतं. मग त्या अंड्यातून अळी निघत नाही, दुसरं टिंब निघतं. आवाज नाही, वास नाही, रक्तपात नाही. अडचण एवढीच, की टिंबं वाढवायची तर पतंगाची अंडी हवीत, अंडी हवीत तर पतंग हवेत, आणि पतंग हवेत तर त्यांच्या अळ्यांना पोटभर धान्य घालून सांभाळायला हवं. (हे पतंग झाडावरचे नव्हेत, धान्यातले. त्यांचा झाडांशी संबंध नाही. तुमच्या लोकरीशीही नाही.) तेव्हा पतंगांचा नायनाट करण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या घरात पतंगांची जेवढी बडदास्त होती, तेवढी या लागवडीत दुसरीकडे कुठेच नव्हती. कंपनीनं दिलेल्या दोन खोल्यांपैकी पुढची त्यांची झाली. तिथे पेट्यांवर पेट्या, पेट्यांत धान्य, धान्यात अळ्या. आम्ही मागच्या खोलीत पाहुण्यासारखे राहायला लागलो.

तुमची बहीण या कामात पडली ती माझी धांदल बघवेना म्हणून. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाला डिंक लावायचा, त्यावर चाळणीतून पतंगाची अंडी भुरभुरायची, मग ते कार्ड बरणीत टिंबांच्या हवाली करायचं. टिंबांनी काम केलं की अंडी काळी पडतात. ते कार्ड झाडाला बांधायचं, आतून टिंबं निघतात आणि कामाला लागतात. निघून गेली, की काळ्या दाण्याला एक भोक राहतं. ते बघायला मला भिंग लागतं. ती कार्ड खिडकीकडे तिरकं धरते आणि 'गेली' किंवा 'आहेत' म्हणते. मी पुन्हा भिंगातून बघतो, आणि तेवढ्यात तिचा चहा पिऊन होतो. चहात पतंग पडलेला असला तर चमच्यानं काढायचा, अशी आमच्याकडे सवय झाली होती. पिठात जाळी धरायची. उशीखाली पतंग, आरशामागे पतंग. हे सगळं तिनं पहिली पालवी निघेपर्यंत सोसलं, आणि त्या वर्षी निम्म्या झाडांची पानं शाबूत राहिली तेव्हा ती रांगेतून चालत, मान वर करून, एकेक झाड बघत होती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तिची कुणी थोपटली नाही. मीही नाही, कारण माझ्या हातात कार्डं होती.

आता दुसरी पालवी फुटायच्या बेतात, आणि इथून पुढे माझ्या अकलेचं काय झालं ते सांगतो. त्या दिवशी मी रांगेत हिंडत असताना एका जुन्या पानावर मागे राहिलेल्या काही अळ्या दिसल्या. जिवंत, पण हलत नव्हत्या. अंगावर पांढरे किडे चिकटलेले. शेजारी मुंगीएवढी एक माशी ऐटीत बसलेली. तिच्या मागे सुई असते. ती अळीला टोचते, अळी जागच्या जागी लुळी पडते, मग ही तिच्या अंगावर अंडी घालते आणि पिल्लं त्या अळीला खात वाढतात. दादा, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! टिंबं अंडी संपवणार, आणि त्यातून सुटलेल्या अळ्यांना ही सुईवाली टिपणार. मला दुहेरी फौज मिळाली. मी त्या अळ्या, ती माशी, तिची पिल्लं, सगळं बरणीत घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि जवळजवळ धावतच घरी आलो.

तुमची बहीण म्हणाली, ती बरणी पुढच्या खोलीत नको, बाहेर पडवीत ठेवा.

मी म्हणालो, अगं, ती आपल्या बाजूची आहे.

ती म्हणाली, 'तिला माहीत आहे का ते?'

मी हसलो. (हे हसणं मला अजून ऐकू येतं.) बरणी पुढच्या खोलीतच, खिडकीशी, टेबलावर ठेवली. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही लोकर विकता, तरी ओळखलं असेल. मी कीटकांचा माणूस, मला ओळखता आलं नाही. फडक्याला एक सैल धागा होता. सुईवाली बाहेर पडली, आणि खोलीत बघते तर काय, पेट्यांवर पेट्या, आणि पेट्यांत खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेल्या, कुठेही पळून जाऊ न शकणाऱ्या अळ्या. रानात तिला पानापानावर शोधावं लागतं. इथे मी ताट वाढून ठेवलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, पण निदान ते कुंपण कुणी बरणीतून, नाचत नाचत घरी आणलेलं नसतं.

कळलं तेव्हा पहिल्या ओळीतल्या पेट्यांत एकही अळी हलत नव्हती. मी धावत विषाच्या कोठीवर गेलो. कोठीवाले पोक्त गृहस्थ आहेत, कानावर पेन्सिल ठेवतात. त्यांनी विचारलं, कुणाला मारायचंय? म्हटलं, माशीला. 'म्हणजे ज्या माशीला मारू नका म्हणून तुम्ही साहेबांशी भांडलात, तिला?' मी हो म्हणालो. त्यांनी पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि बाटली दिली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या लागवडीला ठाऊक झाली होती. आणि बाटली घेऊन मी दारात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, की सुईवाली, तिनं अजून न गाठलेल्या अळ्या आणि टिंबांची कार्डं सगळी एकाच खोलीत आहेत. हेच तर मी साहेबांना बजावत होतो, की विष कुणाला ओळखत नाही. बाटली तशीच कोनाड्यात ठेवली. अजून तिथेच आहे, बूच न काढलेली.

मग आम्ही दोघं हातांनी मारायला लागलो. खिडक्या बंद, दार बंद, आणि तुमची बहीण आणि मी खोलीभर टाळ्या वाजवत फिरतोय. बाहेरून जाणारे मजूर थांबून ऐकत होते. त्यांना वाटलं असेल, भजन चाललंय. एकदा आम्ही दोघांनी एकाच माशीवर झडप घातली आणि कपाळाला कपाळ आपटलं, तेव्हा ती खाली बसून पोट धरून हसली. मीही हसलो. त्यानंतर आमच्या घरात कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

कपाटाचं तिनं सांगितलंच असेल. ते मी आता सांगतो. मागच्या खोलीत तिचं एक लोखंडी कपाट आहे, तुम्हीच दिलेलं. त्याचं दार घट्ट लागतं, मुंगीही आत जात नाही. ती बाजारात गेली होती. उरलेल्या पेट्या वाचवायच्या तर तेवढी एकच जागा होती. विचारायला वेळ नव्हता. (वेळ होता. विचारायचं सुचलं नाही.) मी तिचे कपडे काढून खाटेवर ठेवले, खाटेवर मावले नाहीत ते खुर्चीवर, खुर्चीवर मावले नाहीत ते जमिनीवर, आणि कप्प्याकप्प्यांत पेट्या लावल्या. ती आली, दारात उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझी उत्तरं तयार होती. ती इतकंच म्हणाली, की 'या घरात पतंगांना कपाट आहे, मला नाही.' मग तिनं छताच्या आकड्याला टांगलेली प्रवासाची पिशवी काढली, जमिनीवरचे कपडे तेवढे भरले आणि निघाली. आणि दादा, ती उंबऱ्यावर असताना माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हणालो, 'दार पटकन लाव, पतंग बाहेर जातील.' हे तिनं तुम्हाला सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळलं असं दाखवू नका.

तिनं दार पटकन लावलं. नंतर कपाट उघडून पाहिलं, तर सुईवाली पेट्यांबरोबरच आत गेली होती. तेही सगळं संपलं. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात त्यातली गत. अळ्या नाहीत म्हणून पतंग नाहीत, पतंग नाहीत म्हणून अंडी नाहीत, अंडी नाहीत म्हणून बरणीतली टिंबं वाट बघून मेली. तयार कार्डं होती ती मुंग्यांनी नेली. साहेब येऊन सगळ्या पेट्या बघून गेले. म्हणाले, 'तुमच्या मित्रांनी तुमच्या मित्रांना खाल्लं, म्हणजे आता मी शत्रू उरलो नाही, असं धरू का?' पालवी फुटायला लागली आहे. पतंग यायच्या आत झाडांवर टिंबं दिसली नाहीत, तर विमान येणार.

पण अजून सगळं संपलेलं नाही. स्वयंपाकघरात पिठाचा एक डबा आहे. जाळी धरली म्हणून तुमच्या बहिणीनं तो टाकून द्यायला बाजूला काढला होता आणि पतंग घरभर होऊ नयेत म्हणून झाकणाला कापड लावून घट्ट बांधला होता. तिच्या गाठी मी बांधतो तशा नसतात. परवा तो उघडला, तर आत सुखरूप, गुबगुबीत अळ्या आणि वर चार पतंग. म्हणजे अंडी मिळतील. आता फक्त टिंबं हवीत. एक कार्ड हवं. आणि एक कार्ड आहे. सगळ्या नाशातून वाचलेलं, नुकतंच काळं पडलेलं शेवटचं कार्ड मुंग्यांपासून आणि पालीपासून मी एका सुरक्षित जागी ठेवलं होतं. त्याबद्दल खाली लिहितो.

घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा. पत्रात काही कमीजास्त झालं असेल तर आमच्या घरी सध्या सगळंच कमीजास्त आहे, हे ध्यानात घेऊन सांभाळून घ्यावं, ही विनंती.

तुमचा,
टाळ्या वाजवणारा मेहुणा

ता. क. ती सुरक्षित जागा म्हणजे छताच्या आकड्याला टांगलेली तुमच्या बहिणीची प्रवासाची पिशवी. आकड्याला मी तेल लावलं होतं, मुंगी उतरणं शक्य नव्हतं. पिशवी कधी खाली उतरेल असं वाटलं नव्हतं. बाहेरचा लहान कप्पा, चेनचा. कार्ड तिथे आहे. ते पोस्टानं पाठवू नका, शिक्के मारताना टिंबं चिरडतील. कुणाच्या हातीही देऊ नका. उन्हात धरायचं नाही, खिशात दाबायचं नाही, गाडीत खिडकीशी बसायचं नाही. हे सगळं कळणारं माणूस तुमच्या घरात सध्या एकच आहे. तिनंच घेऊन यायला हवं. मी हे निव्वळ टिंबांसाठी म्हणतो आहे.

ता. क. २. कोट आणि शालींची काळजी करू नका. टिंबं लोकरीला शिवत नाहीत. दुकानात दोन-चार करडे पतंग दिसले, तर ते आमचेच, पिशवीच्या घडीत गेलेले. तेही धान्याशिवाय कशाकडे बघत नाहीत. लोकर खाणारे निराळे, त्यांचा माझा परिचय नाही. वहिनींनी मात्र पिठाचा डबा घट्ट बांधावा. गाठ तुमच्या बहिणीकडून मारून घ्यावी.

ता. क. ३. पोस्टमन इकडे वारंवार फिरकत नाही, म्हणून पत्र टेबलावरच पडलं होतं. आज सकाळी विमान आलं. साहेब थांबले नाहीत. मी दारं-खिडक्या लावून पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. दुपारी रांगेत गेलो. वाटेवर कोळी पडले होते, मधमाश्या पडल्या होत्या, पाच-सहा सुईवाल्या पडल्या होत्या. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो, तरी एक उचलून तळहातावर घेतली. झाडांवर कसलाच आवाज नव्हता. साहेबांनी नोकरीवरून काढलेलं नाही. कोठीवाले निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी विषाच्या कोठीवर बसा म्हणाले. घर राहील. पेन्सिलही मिळेल असं दिसतं. तेव्हा आता त्या कार्डाचा काही उपयोग नाही. पहिल्या ता. क. मधला मजकूर मात्र खोडत नाही.

ता. क. ४. पोस्टमन दारात उभा आहे, म्हणून घाईत. खरं म्हणजे हिशेब मला आधीच ठाऊक होता. टिंबं कार्डावर फार दिवस थांबत नाहीत. पत्र लिहायला बसलो तेव्हाच ती तुमच्या दुकानात निघून, हिंडून, मरून गेलेली असणार. कार्ड रिकामं आहे. तिला ते कागदात गुंडाळून द्या, गाडी सुटल्यावर बघू दे, असं आत्ताच वर लिहिणार होतो. नको. तिच्या हातात उघडंच द्या. ती खिडकीकडे तिरकं धरेल आणि 'गेली' म्हणेल. भिंग लागणार नाही. त्यानंतरही ती पिशवी भरायला लागली, तर तिला एवढंच सांगा, की कपाट मोकळं केलं आहे, आतून दोनदा पुसलं आहे, आणि तिचे कपडे मला जमतील तशा घड्या घालून लावले आहेत.